कासव भाजी का खात नाही?

आपल्याकडे महादेवाच्या देवळात गेलं की नंदीच्या जवळपास फरशीत कोरलेलं एक कासव हमखास दिसतं. आपण वाकून हात लावतो आणि पुढे जातो. त्या कासवाने पाय, शेपूट, डोकं आत ओढून घेतलं की ते इंद्रियनिग्रहाचं प्रतीक, समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर घेतला की कूर्मावतार. संतांच्या अभंगांत तर कासवी नुसत्या नजरेने पिल्लं पोसते. ती एका तीरावर, पिल्लं दुसऱ्या तीरावर, आणि तिच्या कृपादृष्टीनेच त्यांची पोटं भरतात. एवढं सगळं कासवाबद्दल आपल्या डोक्यात आहे. पण कासव जेवतं काय, हा साधा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. दगडी कासवाला भूक नसते आणि अभंगातल्या कासवाला नजर पुरते, मग प्रश्न पडणार तरी कसा?

मला हा प्रश्न पडला तो गोट्यामुळे. गोट्या म्हणजे आमच्या कळमेश्वरच्या घरी सध्या मुक्कामाला असलेलं कासव. हिरवट पाठ आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूला कुंकवाच्या बोटासारखी लाल पट्टी. इंग्रजी नाव रेड इअर्ड स्लायडर. नागपूरच्या नातेवाइकांनी फेंगशुईच्या भरात ते घेतलं होतं, तेव्हा म्हणे पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं होतं. दुकानदाराने सांगितलं, "हे एवढंच राहते, आन् हा डबा दिला की काम झालं." डब्यात वाळवलेले झिंगे. पाच वर्षांत कासव वीतभर झालं, नातेवाईक छोट्या फ्लॅटमध्ये गेले आणि गोट्या टबासकट आमच्याकडे आला. सोबत तोच डबा. गोट्या झिंगे सोडून काहीही खात नाही. पालक टाका, गाजर टाका, कोबी टाका, तो तोंड फिरवतो. आजीने तर मोठ्या प्रेमाने संत्र्याची फोड दिली. (आमच्या भागात पाहुण्याला संत्रं दिलं नाही तर पाप लागतं.) त्याच्याकडेही त्याने ढुंकून पाहिलं नाही.

आजीचं निदान दोन शब्दांत तयार होतं: "लाडावलं हाय."

मी पडलो इंजिनिअर. एखादी सिस्टीम हट्टीपणा करते असं कोणी म्हटलं की आधी तिचा इतिहास काढायची सवय. आधी कोणी काय बदल केले, कधी केले, का केले? चार-पाच वीकेंड वाचन केलं आणि हा इतिहास अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. म्हणून हा लेख.

सुरुवात १८३२ सालापासून करू. माक्सिमिलियान नावाचा जर्मन राजपुत्र, वीड-नॉयवीड या छोट्या संस्थानाचा, अमेरिकेच्या सफरीवर निघाला. सोबत कार्ल बोडमर नावाचा तरुण स्विस चित्रकार. १८३२-३३ चा हिवाळा त्यांनी इंडियाना राज्यातल्या न्यू हार्मनी या गावात काढला. गावाशेजारून वॉबॅश नदी वाहते. तिथल्या पाण्यातलं हे लाल पट्टीचं कासव राजपुत्राने टिपून ठेवलं आणि नंतर त्याचं शास्त्रीय वर्णन करताना नाव दिलं 'एलेगन्स', म्हणजे देखणं. आजही त्याचं नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स असंच आहे. थोडक्यात, गोट्याचं मूळ गाव मिसिसिपी नदीचं खोरं. आपला आणि त्याचा तसा काहीएक संबंध नाही.

संबंध आला तो बाजारामुळे. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या स्वस्त दुकानांत या कासवाची पिल्लं लहान मुलांची खेळणी म्हणून विकली जाऊ लागली. प्लॅस्टिकची छोटी तबकडी, मध्ये प्लॅस्टिकचंच ताडाचं झाड आणि सोबत खाऊची पुडी. त्या पुडीत बहुतेकदा वाळवलेल्या मुंग्यांची अंडी किंवा किडे असायचे. बहुतेक पिल्लं काही महिन्यांत मरायची. आधी डोळे सुजायचे, मग मिटायचे, आणि मग खाणं बंद.

लोकांना वाटायचं की कासवं नाजूकच असतात. १९६७ साली एडवर्ड एल्कन आणि पीर्नेल झ्वार्ट या दोन संशोधकांनी या डोळ्यांच्या आजाराचा उलगडा केला. कारण होतं जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता. त्या कमतरतेमुळे डोळ्यांजवळच्या ग्रंथींचं अस्तर बिघडतं, ग्रंथी तुंबतात आणि पापण्या फुगून डोळे बंद होतात. कासव अन्न शोधतं ते मुख्यतः नजरेने. डोळे मिटले की समोर ठेवलेलंही दिसत नाही, आणि ते उपाशी मरतं. हे वाचून मी जरा थांबलो. आपल्या संतांची कासवी नजरेने पिल्लं जगवते, आणि आपण डबीतलं अन्न देऊन पिल्लांची नजरच घालवत होतो!

(नजरेने पोसणाऱ्या कासवीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. प्रत्यक्षात ती अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पाण्यात परत जाते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. तिथे हे प्रत्यक्ष दिसतं. पिल्लं वाळूतून वर येतात तेव्हा आई आसपास नसते. कासवाच्या पिल्लाला काय खायचं हे कोणीच शिकवत नाही. जे त्याच्या नजरेत भरतं, ते त्याचं जेवण.)

अमेरिकेतली ही विक्री थांबली ती मात्र कासवांच्या काळजीपोटी नाही. या पिल्लांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुलं पिल्लू हातात घेणार आणि तेच हात तोंडात घालणार. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कासवांमुळे होणाऱ्या साल्मोनेलाच्या आजाराचे रुग्ण वर्षाला अडीच लाखांच्या वर असावेत असा अंदाज होता. शेवटी १९७५ साली तिथल्या सरकारने ४ इंचांहून छोट्या कवचाची कासवं पाळीव म्हणून विकण्यावर बंदी घातली.

आता धंदेवाईक माणूस काय करेल? घरचं गिऱ्हाईक गेलं की परदेशातलं शोधेल. लुइझियानात या कासवांची मोठमोठी शेततळी होती. तिथला माल बाहेर जायला लागला. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून ५ कोटी २० लाखांवर स्लायडर निर्यात झाले. त्याच सुमारास टीव्हीवर निन्जा टर्टल्स गाजत होते (मूळ कॉमिक १९८४ चं, कार्टून १९८७ चं), त्यामुळे मुलांना कासव हवंच होतं. युरोपीय संघाने १९९७ साली आयात बंद केली, पण तोवर हे कासव जगभर पोचलं होतं. आशियात तर त्याची पैदासही व्हायला लागली. आपल्याकडे देशी कासव पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्या तळ्यांतलं, मागच्या पायांवर झाकणं असलेलं फ्लॅपशेल आणि पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव ही दोन्ही आज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. परदेशी कासव मात्र राजरोस मत्स्यालयाच्या दुकानात. वर फेंगशुई आणि वास्तूची जोड. झालं, गोट्या नागपुरात हजर.

तर झिंग्यांच्या डब्याचा इतिहास हा असा आहे. आता भाजीकडे येऊ.

१९६९ साली डेव्हिड क्लार्क आणि व्हिट गिबन्स यांनी साउथ कॅरोलिनात या जातीच्या रानातल्या कासवांच्या पोटात काय असतं ते तपासलं. निष्कर्ष असा, की लहानपणी हा प्राणी बऱ्यापैकी मांसाहारी असतो. किडे, अळ्या, गोगलगायी. वय वाढतं तसा तो पाणवनस्पतींकडे वळतो आणि मोठेपणी त्याच्या जेवणात वनस्पतींचाच भरणा जास्त असतो. यात तर्कही आहे. कवच वाढवायचं तर प्रथिनं आणि कॅल्शियम हवं, आणि ते किड्या-गोगलगायींत भरपूर. वाढ मंदावली की हिरवं चालतं. शिवाय हिरवं पळून जात नाही, मागे धावावं लागत नाही.

म्हणजे पिल्लू भाजी खात नाही हा बग नाही, फीचर आहे. खरी गडबड पुढे होते. रानात हा बदल आपोआप होतो, कारण तिथे चहूकडे वनस्पतीच असतात. टबात मात्र वर्षानुवर्षं एकच गोष्ट वरून पडते, वाळका झिंगा. कासवाच्या दृष्टीने 'अन्न' या शब्दाची व्याख्याच ती होऊन बसते. गोट्या वयाने मोठा झाला, पण त्याचं ताट पिल्लाचंच राहिलं. त्याला लाडावलेला म्हणणं म्हणजे ज्याला आयुष्यभर फक्त बिस्किटं दिली त्याला 'भाकर का खात नाही रे' असं विचारणं.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात कामाचा वाटला. कॅरेन ब्योर्नडाल या फ्लोरिडातल्या प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १९९१ साली याच कासवांना तीन प्रकारे जेवण दिलं. काहींना फक्त डकवीड (पाण्यावर हिरव्या टिकल्यांसारखी तरंगते ती बारीक वनस्पती), काहींना फक्त किड्यांच्या अळ्या, आणि काहींना दोन्ही एकत्र. एकत्र दिल्यावर डकवीड नुसतं दिल्यापेक्षा जास्त चांगलं पचलं. अळ्यांमधल्या प्रथिनांमुळे आतड्यातल्या, वनस्पती आंबवून पचवणाऱ्या जंतूंना बळ मिळत असावं, असा त्यांचा अंदाज. आपल्याकडे वरण-भाताचं जे गणित सांगतात, तसंच काहीसं. मिश्रणाची किंमत सुट्या गोष्टींच्या बेरजेहून जास्त.

आता जरा घराजवळ येऊ, कारण 'कोणी काय खाल्लं' या प्रश्नाचं जगातलं एक फार महत्त्वाचं उत्तर विदर्भात सापडलंय आणि आपल्याच लोकांना ते ठाऊक नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शेतांत साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडतात. एकोणिसाव्या शतकात नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (हो, हिस्लॉप कॉलेजवाले) यांना भूगर्भशास्त्राचा नाद होता, आणि पिसदुऱ्याच्या हाडांच्या सुरुवातीच्या नोंदींत त्यांचं नाव येतं. याच पिसदुऱ्यातून एक कासवही निघालं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन यांनी १९७७ साली त्याचं वर्णन केलं, आणि २०२० साली त्यांच्याच सन्मानार्थ त्याला 'जैनेमिस पिसदुरेन्सिस' हे नाव मिळालं. मान आत न ओढता बाजूला वळवून लपवणाऱ्या कासवांच्या कुळातलं हे. हे कूळ आज आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिकेत आहे, भारतातून ते नाहीसं झालं.

पिसदुऱ्याला हाडांबरोबर सापडतात ते दगड झालेले शेणाचे गोळे! मोठे गोळे सर्वसाधारणपणे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचे मानले जातात. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांतले सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले. वनस्पतींच्या पेशींत असे कण तयार होतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. त्या कणांत पाम, सूचिपर्णी झाडं वगैरे अपेक्षित मंडळी होतीच, पण सोबत चक्क गवत होतं. तोवर समज असा, की डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच. पुढे २०११ साली याच भागातल्या नमुन्यांवरून भाताच्या कुळातल्या गवतांचाही माग लागला. म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, जिथे आज धान पिकतं, तिथे धानाचे दूरचे चुलते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कोणाच्या तरी पोटात गेले होते. हे सगळं कळलं ते शेणावरून.

मला यातली आवडलेली गोष्ट अशी, की तो प्राणी निवडखोर नव्हता. पाम आहे? पाम. गवत आलंय? तेही चालेल. ताटात नवीन काही येतं तेव्हा ते खाऊन बघणारा टिकतो, हे मी माझ्यापुरतं काढलेलं सार. (पूर्ण खरं नाही, कारण तो डायनोसॉर शेवटी टिकला नाहीच. पण त्याला जेवण जबाबदार नव्हतं. :-) )

असो. तर या सगळ्या वाचनाचा गोट्याला काय उपयोग?

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आजीने मनाशी ठरवलं होतं की आषाढीला गोट्याला धापेवाड्याला न्यायचं. धापेवाडा आमच्या कळमेश्वरजवळच, विदर्भाची पंढरी. तिथे विठ्ठलाचं मंदिर आहे आणि नदीचं नावही चंद्रभागाच. "देवाच्या पाण्यात सोडून देऊ, थो खाईन त्याचं त्याचं. पुण्यच लागते." आईचीही मूक संमती होती, कारण टबाचं पाणी बदलायचं काम तिच्याकडे. वाद घालावा असा माणूस घरात मी एकटाच.

आता हे 'सोडून देणं' हाच या कासवाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा अध्याय आहे. जगभर लोकांनी हेच केलं. काहींनी कंटाळून, तर पूर्व आशियात पुष्कळांनी पुण्य म्हणून, कारण तिथेही जीव मुक्त करण्याची धार्मिक परंपरा आहे. सोडलेलं कासव बहुतेक ठिकाणी तगलं. ऊन खायच्या जागा, अंडी घालायच्या जागा आणि अन्न यांसाठी ते स्थानिक कासवांशी झगडतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी २००० साली काढलेल्या जगातल्या १०० सगळ्यात घातक आक्रमक जातींच्या यादीत हे कासव आहे. केरळात त्रिशूरच्या कालव्यात ते सापडल्यावर तिथल्या वन संशोधन संस्थेला 'पाण्यात सोडू नका, आमच्याकडे आणून द्या' असं लोकांना सांगावं लागलं. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने अशा आक्रमक परदेशी जातींवर नियंत्रणाचं कलम घातलं गेलं, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

मी आजीला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आजी, चंद्रभागेत आधीपासून विठोबाची कासवं आहेत. याला तिथं सोडलं तर हा त्यांचं खाईल." आजी काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र स्वतःच म्हणाली, "मंग याले घरीच खाऊ घालाव लागन. काय खाते हे, पाहा बरं तू."

मग पाहिलं. प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, कवच-डोळे ठीक आहेत याची खात्री केली आणि क्लार्क-गिबन्स आणि ब्योर्नडाल यांना समोर ठेवून बेत आखला. (एक्सेल शीट केली हे सांगायची गरज नाही.) नर्सरीतून डकवीड आणलं, स्वच्छ धुतलं आणि अंगणातल्या ड्रममध्ये वाढवलं. तळ्यातलं आणलं नाही, कारण आसपास शेतं आणि शेतांवर फवारणी. झिंगे रोजचे बंद करून आठवड्यातून दोनदा. ते द्यायचे तेव्हा किसलेल्या गाजर-लाल भोपळ्यासोबत चायना ग्रासमध्ये गोठवून, म्हणजे वास झिंग्याचा, पण घासात भाजी. पालक टाळला, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. निरोगी मोठं कासव काही दिवस कमी खाऊन राहू शकतं, म्हणून हे करता आलं. पिल्लावर किंवा आजारी कासवावर हा प्रयोग करू नये.

पहिले दहा दिवस शून्य. त्याने वड्या फोडल्या, झिंगा वेचला, गाजर टबभर केलं. आजी रोज संध्याकाळी टबापाशी बसून त्याच्याकडे बघायची. अकराव्या दिवशी तिनेच हाक मारली. पाण्यावर डकवीडच्या टिकल्या हलत होत्या आणि गोट्या त्यांच्या मागे तोंड उघडून जात होता. बहुधा ते हलतंय म्हणून त्याला शिकार वाटली असावी. वाटू दे. तीन आठवड्यांनी भोपळ्याची किसही गेली. गाजर अजून नाही. वजन स्थिर आहे.

आजीचं म्हणणं आहे की तो खायला लागला, कारण ती रोज बघत बसली. मी वाद घातला नाही. कासव नजरेने पोसलं जातं हे तिच्या घरी तीन पिढ्यांपासून गायलं गेलंय, आणि रोज टबापाशी कोणीतरी बसून बघितल्याशिवाय माझ्या एक्सेल शीटमध्येही 'अकरावा दिवस' आला नसता.

एक हिशोब तेवढा डोक्यातून जात नाही. नीट सांभाळलं तर हे कासव ३०-४० वर्षं जगू शकतं. गोट्या आता पाच-सहा वर्षांचा. म्हणजे २०५० नंतरही तो असू शकतो, आणि तेव्हा टबापाशी आजी नसणार. लॅपटॉप तीन वर्षांनी बदलणाऱ्या माणसाने आजवर घेतलेली ही सगळ्यात लांब मुदतीची मेंटेनन्सची जबाबदारी. दुकानात कोणी नाण्याएवढं पिल्लू दाखवून 'हे एवढंच राहते' म्हणालं, तर घेण्याआधी हा आकडा जरूर आठवा. आणि आधीच घरी असेल तर ड्रममध्ये डकवीड लावा. फार सोपं आहे, आठवड्यात दुप्पट होतं.